विणणारीचा तास आधी मोजावा

हातविणीच्या कपड्यांचा उद्योग दोन सुया, लोकरीचे चार गुंडे आणि शेजारच्या दोघीतिघी एवढ्यावर सुरू होतो. भांडवल थोडे लागते म्हणून हिशेब मागे राहतो आणि पहिल्याच हिवाळ्यात अंगावर येतो. सचोटीचा उद्योग म्हणजे विणणारीला पुरेसे दाम आणि गिऱ्हाइकाला खरा माल. या दोन्ही गोष्टी पाटीवर लिहिण्याआधी वहीत मांडाव्या लागतात.

पहिली चूक मालाच्या निवडीत होते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला, समजा, ४० तास लागले आणि तासाला ६० रुपये धरले, तर नुसती मजुरी २,४०० रुपये होते. त्यात धागा, बटणे, धुलाई आणि वाहतूक मिळवली की किंमत तीन हजारांच्या घरात जाते. हिवाळ्यात रस्त्याकडेला दुकान मांडलेल्या नेपाळी-तिबेटी विक्रेत्यांकडे लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर काही शे रुपयांत मिळतो. त्याच्याशी भावात झुंजायला गेले की धागेवाला पैसे सोडत नाही, दुकानदार आपला वाटा सोडत नाही. शेवटी कात्री लागते ती मजुरीलाच. म्हणून सुरुवात बाळंतविड्यापासून करावी. टोपडे आणि मोजे मिळून ६ तासांत होत असतील, तर त्याच दराने मजुरी ३६० रुपये पडते, आणि बाळाच्या मऊ, हाताने विणलेल्या कपड्याला दोन पैसे जास्त मोजणारी आजी घरोघर असते.

नगावर मजुरी ठरवण्याआधी मध्यम वेगाच्या दोघींना घड्याळ लावून विणायला बसवावे. टोके आवरणे, बाह्या जोडणे, बटणे लावणे, चुकलेली ओळ उसवून पुन्हा विणणे हेही काम आहे. ते धरले नाही, तर कागदावरचा तासाचा दर प्रत्यक्षात बराच खाली येतो.

दुसरी चूक धाग्यात होते. बाजारात जिला सरसकट लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. धाग्याचे टोक पेटवून पाहावे: खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ॲक्रिलिक विकण्यात पाप नाही, ते लोकर म्हणून विकण्यात आहे. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण जाडीभरडी असल्याने बाळाच्या अंगाला टोचते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नंदुरबार आणि शहादा तालुक्यांत कापूस पिकतो खरा, पण तो जिनिंगमध्ये जाऊन रुईच्या गाठी होतात. विणीचे सूत दुकानात येईपर्यंत तो कोणत्या शिवारातला होता हे सांगता येत नाही. म्हणून ‘आपल्या मातीतला कापूस’ किंवा ‘सेंद्रिय’ असे लेबल पुराव्याशिवाय लावू नये. एका नगाचा सगळा धागा एकाच लॉट नंबरचा घ्यावा. नाहीतर उन्हात धरल्यावर एक बाही वेगळी दिसते.

तिसरी चूक मापात होते. एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल. १० सेंटीमीटरला २२ टाके धरून ९० सेंटीमीटर घेरासाठी १९८ टाके घातले आणि विणणारीच्या हाताला २० च टाके बसले, तर घेर ९९ सेंटीमीटर भरतो. असा स्वेटर परत येतो आणि तोटा कोणी सोसायचा यावरून माणसे तुटतात. प्रत्येकीकडून आधी नमुन्याचा चौकोन विणून घ्यावा, धुवून वाळवून मग मोजावा आणि गरजेप्रमाणे सुईचा नंबर बदलावा. या चौकोनाचीही मजुरी द्यावी.

चौथी गोष्ट हंगामाची. सातपुड्यात डाबसारख्या गावी काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, तेव्हा मागणी असते. पण अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामेजल्या हातांत लोकर मळते. तेव्हा सुती काम द्यावे. थंडीचा माल दिवाळीआधी हाती यायला हवा, आणि त्यासाठी धाग्याचे पैसे पावसाळ्यातच लागतात. विणणारीला मजुरी माल विकल्यावर नव्हे, नग जमा करतानाच मिळावी.

नक्षीचेही भान हवे. दुसऱ्याच्या पुस्तकातला नमुना परवानगीशिवाय विकाऊ मालावर घेऊ नये. पावरा किंवा भिल्ल दागिन्यांवरून नक्षी उचलून तिला ‘आदिवासी कला’ म्हणून विकायचे, तर त्या समाजातल्या बायकांची संमती आणि कमाईत वाटा असावा.

पाचवी चूक उधारीची. दुकानात ‘विकले की पैसे’ या बोलीवर ठेवलेला माल डाग पडून परत येतो. नग, भाव आणि मुदत लिहून सही घ्यावी. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे; ती आधी केलेली असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात, उशिरावर व्याज लागते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये आहे. त्या रेषेपलीकडे, सुरतेला माल पाठवला की विक्री आंतरराज्य ठरते, म्हणून जीएसटीचे नियम आधी विचारून घ्यावेत. रोखीची विक्री तपासायला दत्तजयंतीपासून भरणारी सारंगखेड्याची यात्रा चांगली.

संक्रांतीनंतर थंडी ओसरते आणि उरलेला माल मिळेल त्या भावात काढण्याचा मोह होतो. पण मजुरी आधीच दिलेली असते. भाव पाडला तर पुढच्या वर्षीचा गिऱ्हाईक तोच भाव मागतो. म्हणून पहिल्या वर्षी विकले जातील असे वाटते त्याच्या निम्मेच नग विणून घ्यावेत.