अपायाचे मोजमाप

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोझरी हे गाव लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. ग्रामसफाईविषयी त्यांना मोठी आस्था होती. त्या काळी गावचा केर म्हणजे शेण, पालापाचोळा, राख आणि पंगतीनंतरच्या पळसाच्या पत्रावळी. तो उकिरड्यात गेला की त्याचे खत होई. आज उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्याही पडतात, आणि त्यांचे खत होत नाही.

प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते व त्याचे तुकड्यांमागून तुकडे पडत जातात. पाच मिलिमीटरांहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. कृत्रिम धाग्यांची वस्त्रे धुताना सुटणारे तंतूही त्यातच येतात. २००४ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड टॉम्पसन यांनी सागरातील अशा कणांकडे जगाचे लक्ष वेधले. सागर आपल्यापासून फार दूर आहे असे कोणास वाटेल. परंतु या भागातील नाले वर्धा नदीस मिळतात, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहितेचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते.

पाण्यात कण आहेत, एवढ्यावरून जलचरांना धोका आहे असे म्हणावे काय? शास्त्रज्ञ तशी घाई करीत नाहीत. ते दोन संख्या शोधतात. पाण्यात कण किती आहेत, ही पहिली. किती कणांपर्यंत जीवांना अपाय होत नाही, ही दुसरी. दुसरीसाठी प्रयोगशाळेत पाणपिसू, शिंपले, मासे पाळून पाहतात. पाणपिसू हा पाणी गाळून अन्न मिळवणारा चिमुकला जीव. कणांचे प्रमाण फार वाढले की त्याचे पोट निःसत्त्व प्लॅस्टिकने भरते, खरे अन्न कमी पडते आणि पिलांची संख्या घटते. पहिल्या संख्येस दुसरीने भागावे. भागाकार एकाहून अधिक आला, तर धोका मानावा.

रीत सोपी दिसते, पण खरी अडचण पुढेच आहे. समजा, एका घनमीटर पाण्यात ५० कण सापडले आणि अपायाची मर्यादा ५०० ठरली. भागाकार ०.१, नदी निर्धास्त! परंतु नमुना घेण्याच्या जाळीची छिद्रे बहुधा सुमारे ०.३ मिलिमीटरची असतात. त्याहून बारीक कण निसटतात, आणि पाणपिसू तर तेच गिळते. बारीक जाळीने समजा १००० कण मिळाले, तर भागाकार २ होतो. नदी तीच, दिवस तोच. केवळ जाळी बदलली. शिवाय प्रयोगात पुष्कळदा गुळगुळीत गोल मणी वापरतात, आणि नदीत तंतू व वेडेवाकडे तुकडे असतात. म्हणून ‘धोका नाही’ असे कोणी सांगितले, तर जाळी कोणती होती हे आधी विचारावे.

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले अशा अनेक वस्तूंवर बंदी घातली. तथापि पूर्वी नाल्यांत साचलेल्या पिशव्यांचे तुकडे होतच राहतात, आणि पहिली संख्या नवा केर न पडताही वाढू शकते. ती वाढली की नाही हे पाहण्यासाठी तीच नदी, त्याच ठिकाणी, त्याच जाळीने वर्षानुवर्षे मोजावी लागते.