शेवटची सायकल

आष्टी, जि. बीड

चि. सोनूस,

तुमची सायकल मोहीम डिसेंबरात नगरहून निघून आष्टी, जामखेड, पाटोदा करत बीडला आणि तिथून अंबाजोगाई, परळीला जाणार, असं दादाने फोनवर सांगितलं. पहिला मुक्काम आपल्या घरी, याचा मला फार आनंद आहे. तुझा दम सगळ्यांत चांगला, म्हणून सगळी वाट तू पुढे राहून गटाला ओढणार आहेस, असंही तो म्हणाला. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. पोरी, दम आहे म्हणूनच तू शेवटची जागा मागून घे.

रांगेत वीस सायकली असल्या, की पुढची गतिरोधकापाशी जराशी हळू होते, दहावीला ब्रेक दाबावा लागतो आणि विसावीला पाय टेकावा लागतो. पुढचे गतिरोधक ओलांडून निघतात, तेव्हा शेवटच्याला तुटलेलं अंतर भरून काढायला जीव खाऊन पायडल मारावं लागतं. या रस्त्याला गाव आलं की गतिरोधक आलाच. त्यामुळे दमलेलं माणूस मागे पडतं आणि मागे पडल्यामुळेच अधिक दमतं. दुपारपर्यंत ते रडकुंडीला येतं, आणि पुढच्यांना याचा पत्ताही नसतो. म्हणून हळू चालवणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या जागेवर घ्या. तिथे आडोसा मिळतो आणि धक्के कमी बसतात. शेवटाला मात्र असं कुणी हवं, ज्याला ते अंतर भरून काढणं जड जात नाही.

वाऱ्याचंही नीट समजून घे. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून येतो. नगरहून आष्टीला तुम्ही आग्नेयेकडे याल, म्हणजे तो समोरून आणि डाव्या अंगाने लागेल. सपाट रस्त्यावर पुढच्याच्या आडोशाला राहिलं, तर श्रमाचा पाव-तिसरा हिस्सा वाचतो, हे तुला ठाऊक आहे. पण डावीकडून वारा आला, की आडोसा पुढच्याच्या मागे उजवीकडे सरकतो आणि सगळी रांग नकळत रस्त्याच्या मध्याकडे कलते. ते दिवस उसाच्या हंगामाचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि मागच्या ट्रॉलीचं शेपूट वळणावर कुठे येईल याचा नेम नसतो. शेवटून तुला रांग कलताना दिसेल. लगेच हाक दे आणि सगळ्यांना डावीकडे घे. आडोसा गेला तरी जाऊ दे. ट्रॉलीला डावीकडून ओलांडायचं नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घे.

बायकांचं एक सांगते, कारण ते पुरुष सांगत नाहीत. वाटेत सोय नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. कुणाच्या बाटलीतलं पाणी तासाभरात कमी झालेलं नाही, हे मागच्याला बरोबर दिसतं. पेट्रोल पंप आला, की न विचारता सगळ्यांना थांबव. एकटीला थांबायची लाज वाटते, सगळे थांबले की वाटत नाही.

पंक्चर होणारच. रस्त्याच्या कडेला सायकल उतरली, की सराटे आणि बाभळीचे काटे तयारच असतात. पंक्चरचं दुकान मिळेल, माणूस हाताने तरबेजही असेल, पण तुमच्या सायकलींचे बारीक प्रेस्टा वॉल्व्ह त्याच्या पंपाला बसत नाहीत. पितळेचा छोटा अडॅप्टर येतो, तो दोन-तीन जणांकडे ठेवा. पंक्चर काढणाऱ्याने पैसे नको म्हटलं, तरी द्यायचेच.

चिचोंडी पाटील मागे पडलं, की थोड्या वेळाने जिल्ह्याची हद्द येते. नुसती पाटी बघून पुढे निघू नकोस. 1947 पर्यंत ढोबळमानाने याच बाजूने इंग्रजांचा मुलूख संपून निजामाचा सुरू होत होता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानाचा प्रश्न सुटला, तेव्हा आमच्या लोकांना स्वातंत्र्य मिळालं. देशाच्या तेरा महिने मागून. रेल्वेचंही तसंच. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला 1995 च्या सुमारास, आष्टीला गाडी आली 23 सप्टेंबर 2022 ला आणि बीडला 17 सप्टेंबर 2025 ला. आमची एक पिढी गाडीची वाट बघत म्हातारी झाली. कड्याच्या बाजारात चहाला थांबलीस, तर एखाद्या वयस्कर माणसाला या गाडीबद्दल विचार. तो जे सांगेल, ते मला पत्रात सांगता येणार नाही.

सकाळी आणि संध्याकाळी रस्त्यावर शाळेच्या मुली भेटतील, जड सायकली, पाठीवर दप्तर. दप्तराचं ओझं घेऊन त्या रोज जातात-येतात आणि त्याला कुणी मोहीम म्हणत नाही. पुढचे त्यांना घंटी वाजवून ओलांडून जातील. तू वेग कमी कर, त्यांच्या बरोबरीने थोडं चाल, कितवीला आहेस, शाळा किती लांब आहे, विचार. त्या तुझ्या गिअरबद्दल विचारतील. थांबून दाखव. पाच मिनिटं गेली तर तुझ्यासारखीला ती भरून काढता येतात.

वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि लहान पोरं दिसतील. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. माणसं परत येतात मार्च-एप्रिलात. त्या पोरांना चॉकलेटं वाटू नका आणि गोळा करून त्यांचे फोटो काढू नका. मला हे बघवत नाही. आजीशी बोल, पाणी माग. दारी आलेल्याला पाणी देण्यात तिचा मान असतो.

बाबा आमट्यांची भारत जोडो यात्रा माझ्या पिढीला चांगली आठवते. डिसेंबर 1985 मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले आणि काश्मीरपर्यंत गेले. 1988 मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून ओख्याला गेली. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना नीट बसताही येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून बरोबर होते. जो स्वतः सायकलवर बसू शकत नव्हता, त्याच्या शब्दाखातर हजारो किलोमीटर सायकली चालल्या. एवढ्या वाटेत रोज कुणी ना कुणी मागे पडलं असणार, आणि तरी माणसं एकत्र पोचली. म्हणून गटातल्या सगळ्यांत हळू माणसाकडे अडचण म्हणून बघू नकोस. त्याच्यासाठी थांबता आलं, तरच तुम्ही एकत्र निघालात असं मी म्हणेन.

एक किरकोळ गोष्ट, पण सांगून ठेव. सेनापती बापू गोखले पडले ती आष्टी ही नव्हे. फेब्रुवारी 1818 मधली ती लढाई सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला झाली. गावाच्या पाटीखाली उभं राहून कुणी चुकीचा इतिहास लिहू नये. आमच्या तालुक्याचं मोठेपण पाहायचं असेल, तर सावरगावाजवळ मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. ते तुमच्या वाटेवर नाही, पुन्हा कधी सवडीने ये, मी घेऊन जाईन.

दुसऱ्या दिवशी जामखेडला आरोळे दाम्पत्याने 1970 मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प नक्की बघा. गावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. ज्यांना सगळ्यांनी शेवटाला ठेवलं होतं, त्यांच्यापासून त्या दोघांनी सुरुवात केली. तुझ्या गटात कुणी डॉक्टर होणारं असेल, तर त्याला तिथे अर्धा दिवस थांबू दे.

आता आपल्या घराचं. सायकली अंगणात राहतील, फाटकाला कुलूप आहे. मुलींची सोय आतल्या खोलीत, मुलांची गच्चीवर; रात्री थंडी पडते, म्हणून पांघरुणं मी काढून ठेवते. पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा करते. ठेचा कुणाला झेपत नसेल, तर दही आहे. किती जण येणार आणि कुणाला काय चालत नाही, एवढं बुधवारपर्यंत कळव. त्या हिशोबाने बाजरी दळून आणते.

तुझी,
आत्या