निजलेल्या माणसाची चूल

दिवसभर नांगर धरला तर अंगातली साखर खर्च होते, हे कोणीही सांगेल. पण रात्री माणूस निजला म्हणजे? आमच्या वर्गात एका आजींनी विचारले, "गुरुजी, निजलेल्याला कसला आलाय खर्च?"

आजी, आपण निजतो, पण छातीतले ठोके चालूच असतात. श्वास चालतो. अंग ऊन राहते. मेंदू तर घडीभरही थांबत नाही.

भाकरी पचली की तिची साखर होते. तिला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तातून अंगभर फिरते. श्वासातल्या प्राणवायूशी तिचा संयोग झाला की ताकद मिळते.

आता हिशेब पाहा. सगळ्या रक्तात मिळून ही साखर किती? जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकट्या मेंदूला तासाला सुमारे ५ ग्रॅम लागते! मग रात्री ८ वाजता जेवलेला माणूस सकाळी धड उठतो कसा?

घरात कणगी असते म्हणून. उजव्या बरगड्यांखाली यकृत आहे. खाटकाकडे कलेजी मिळते ना, तेच. जेवणानंतर ते साधारण १०० ग्रॅम साखर साठवते. रात्रभर त्यातली थोडी थोडी रक्तात सोडते. कणगी रिती होऊ लागली, तर दुसऱ्या पदार्थांपासून नवी साखर बनवते. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली यकृतातला हा साठा वेगळा काढून दाखवला.

स्नायूंतही साठा असतो, याहून मोठा. पण ते शेजाऱ्याला चिमूटभरही देत नाहीत. मात्र विसाव्याच्या वेळी ते मुख्यतः चरबी जाळतात, म्हणून साखर मेंदूसाठी उरते.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांचे मात्र निराळे आहे. औषध घेतले आणि जेवण चुकवले, तर औषधाच्या जोराने कणगीचे तोंड बंद राहते. रक्तातली साखर उतरते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस बरळतो. लोक म्हणतात, "प्यालाय!" तसे म्हणून निघून जाऊ नका. शुद्धीवर असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. १५ मिनिटांत उतार पडला नाही, तर पुन्हा पाजा. मग भाकरी द्या. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनळीत जाईल. कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा.