उन्हात धावताय? आधी वेग आवरा

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली एप्रिल-मेमध्ये हमखास विचारतात, ‘डॉक्टर, धावताना पाणी किती प्यायचं?’ प्रश्न रास्त आहे, पण उष्माघात नुसत्या पाण्याने टळत नाही. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन अंगातच साठू लागतो. भट्टी आत पेटलेली असते आणि वेग वाढवला की ती आणखी भडकते. पोटभर पाणी प्यालेला तगडा मुलगाही यामुळे कोसळू शकतो.

अंग गार होतं ते घाम वाळताना. निथळून गेलेला घाम फुकट. म्हणून मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ३३ अंशांतही जीव नकोसा होतो. नागपूर-चंद्रपूरकडे घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. वजन उतरवायला प्लास्टिकचं जॅकेट घालून पळण्याचं खूळ तर आधी सोडा. उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. शिवाय घाम वाळायची वाटच बंद होते.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर अंतर निम्मं ठेवा, धावता धावता सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा आणि उजाडताच सराव उरका. ताप किंवा जुलाब असतील, तर त्या दिवशी मैदानावर जायचंच नाही.

आता पाणी. १६०० मीटरसाठी मध्ये थांबून प्यायची गरज नाही. लांब धावणाऱ्यांनी तहानेप्रमाणे प्यावं आणि धावण्याआधी व नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. वजन वाढलं असेल, तर मात्र सावध व्हा, गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं गेलंय. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं होतं आणि ज्यांचं वजन धावताना वाढलं, त्यांना हा धोका अधिक होता. तासाभराहून जास्त धावलात, तर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या. ओआरएस घेणार असाल, तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.)

सोबतचा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, उगाच चिडू लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, धावणाऱ्यांना उष्माघातातही घाम सुटलेला असतो. कुणाला तरी १०८ला फोन करायला लावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याला गार करायला लागा. सावलीत न्या, कपडे सैल करा. जवळ हौद असेल, तर डोकं वर धरून मानेपर्यंत गार पाण्यात बसवा. नसेल, तर बादल्या ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेवर ठेवा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलही देऊ नका. हा ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही.