विजेची मोटार आणि इंटरनेट

विजेच्या मोटारीत वीज भरावयाची, तर तार जोडावी लागते. परंतु याच मोटारीला आणखी एक धागा जोडलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पुढचे चार्जिंग केंद्र किती दूर आहे, तेथे जागा मोकळी आहे की नाही, ही वार्ता पडद्यावर उमटते ती या धाग्यावरून, म्हणजेच इंटरनेटवरून.

पुष्कळ मोटारींच्या अंगातच एक सिम पक्के बसवलेले असते. त्यास ई-सिम म्हणतात. मोटार अंगणात आणि मालक माडीवर असला, तरी बॅटरी किती भरली हे त्याला फोनवर कळते. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी गाडी आतून थंड करून ठेवता येते. पहिली काही वर्षे याची वर्गणी बहुधा मोटारीच्या किमतीतच धरलेली असते. पुढे ती भरावी लागते.

ज्या मोटारीत सिम नाही, तिला मालकाच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. अडचण एवढीच, की मालक फोन घेऊन उतरला की मोटार मुकी होते! घरचे वाय-फाय मोटारीपर्यंत पोहोचत असेल, तर संगणक-प्रणालीतील मोठ्या सुधारणा रात्री त्यावरून उतरवून घेता येतात.

मुलांनो, मोटारीचे स्थान कळते तेही इंटरनेटमुळेच, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नव्हे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात. मोटार ते केवळ ऐकते. घाटात मोबाइलचे जाळे तुटले, तरी आकाश मोकळे असल्यास स्थान कळतच राहते. नकाशा मात्र आधी साठवलेला हवा.

मोटार पुष्कळ वर्षे चालते. पण तिचे सिम ज्या जाळ्यावर बोलते, ते तितके टिकेलच असे नाही. ब्रिटनमधील निसान लीफच्या जुन्या मोटारी टू-जी जाळ्यावर अवलंबून होत्या. हे जाळे बंद होणार म्हणून १ एप्रिल २०२४ पासून कंपनीने त्यांची फोनवरील सेवा थांबवली. मोटारी धावत राहिल्या, चार्जही होत राहिल्या. पण थंडीच्या सकाळी घरात बसून गाडी उबदार करण्याची सोय गेली. मालकांनी तक्रार केली, ती मला रास्त वाटते. हॉटस्पॉटचे मोल येथे ध्यानात येते. मालकाने नव्या पिढीचा फोन घेतला, की जुन्या मोटारीलाही नवे जाळे मिळते. तिला त्या फोनशी वाय-फायने बोलता आले म्हणजे झाले.