आभाळाची नोंद : सोलापूरचे ढग आणि छायाचित्रण

मे महिन्याच्या अखेरीस दुपार कलू लागली, की सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची नजर आपोआप क्षितिजाकडे वळते. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत वसलेल्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. त्यातही सप्टेंबरच्या पावसावर रब्बी ज्वारीची सारी भिस्त असते. जेथे पाऊस असा तोलूनमापून येतो, तेथे आभाळ वाचता येणे ही चैन नसून गरज आहे. या वाचनात छायाचित्राचा चांगला उपयोग होतो.

सोलापूरचा प्रयोग

ढगांच्या अभ्यासात सोलापूरला विशेष स्थान आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत येथे मेघबीजनाचा शास्त्रीय प्रयोग केला. विमानातून निवडक ढगांच्या तळाशी क्षारकण सोडण्यात आले. रडार व पर्जन्यमापकांच्या साहाय्याने परिणाम तपासण्यात आला. अनुकूल ठिकाणी पावसात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ आढळली. मात्र बीजनाने ढग निर्माण होत नाही. योग्य ढग आधी आकाशात असावा लागतो. म्हणून ढग ओळखणे ही पहिली पायरी होय.

ढगांची ओळख

ल्यूक हॉवर्ड या इंग्रज अभ्यासकाने १८०२ मध्ये ढगांचे वर्गीकरण मांडले. १८९६ मध्ये निघालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहात छायाचित्रांचा आधार घेण्यात आला, कारण शब्दांनी होणारा घोटाळा चित्राने टळतो. उंचावरील पिसांसारखे ते तंतुमेघ, चादरीसारखे पसरलेले ते स्तरमेघ आणि कापसाच्या ढिगासारखे ते राशिमेघ. राशिमेघ वाढत जाऊन त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, की तो गर्जन्मेघ झाला असे समजावे. वीज, गारा व वादळी वारे यांचे उगमस्थान हेच.

छायाचित्र कसे घ्यावे ?

चित्रात क्षितिजाची पट्टी अवश्य असावी. तिच्यावाचून ढगाच्या उंचीचा अंदाज येत नाही. देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी यांसारखी ओळखीची खूण चौकटीत घ्यावी. प्रकाशाचे माप ढगाच्या उजळ भागावरून घ्यावे. जमिनीवरून घेतल्यास ढगाच्या कडा पांढऱ्या होऊन पुसल्या जातात. सायंकाळी पूर्वेकडे उभा असलेला गर्जन्मेघ मावळतीच्या उजेडात स्पष्ट उठून दिसतो. दर १० मिनिटांनी त्याच जागेवरून, त्याच दिशेने चित्र घेतल्यास ढगाची वाढ डोळ्यांसमोर उभी राहते. साध्या मोबाइलवरही हे काम होते.

आधी जीव, मग चित्र

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यास ३ ने भागावे. आलेला आकडा म्हणजे विजेचे किलोमीटरमधील अंतर. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर. परंतु गडगडाट ऐकू आला, की हिशेब करीत उभे न राहता पक्क्या इमारतीत जावे हे उत्तम. झाडाखाली, उघड्या माळावर, बांधावर वा पाण्याजवळ थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. विजेचे चित्र घ्यायचे, तर आवाज पोहोचत नाही इतक्या दूरच्या विजेचे घ्यावे. शिक्षकांनी हा नियम मुलांकडून कटाक्षाने पाळून घ्यावा. कोणतेही चित्र मुलाच्या जिवापेक्षा मोलाचे नाही.

गावाची मेघवही

शाळेने एक जागा व एक दिशा ठरवून रोज ठराविक वेळी आकाशाचे एक चित्र घ्यावे. त्याखाली तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढगाचा प्रकार आणि सकाळी ८.३० वाजता मोजलेला पाऊस लिहावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे गणितही मुलांना सहज उमगेल. गारपिटीने वा वादळाने हानी झाल्यास तारीख-वेळेसह घेतलेली चित्रे ग्रामपंचायतीने जपून ठेवावीत. ती पंचनाम्याची जागा घेऊ शकत नाहीत, पण पंचनाम्यास त्यांचा आधार होतो.

चार-पाच वर्षांची अशी वही हाती आली, म्हणजे गावाला आपल्या पावसाचा स्वभाव कळू लागेल. पावसावर माणसाची सत्ता चालत नाही. त्याची चाहूल घेऊन वेळीच सावध होणे मात्र प्रत्येक गावाच्या हाती आहे.