रिकामे शेत आणि सोयाबीनमधील तण

आषाढ लागला की आपल्या वर्गातील काही बाके रिकामी दिसू लागतात. धडगावच्या डोंगरउतारांवर सोयाबीन वीतभर वर येते न येते तोच तण त्यास गाठते, आणि निंदणीसाठी आईच्या जोडीस मुलांसही जावे लागते. यात पालकांस दोष देणे योग्य नव्हे. पेरणीनंतरचे पहिले सहा आठवडे तण तसेच राहिले, तर पिकाची मोठी हानी होते. परंतु आषाढातील या तणाचे काही बी मागील हिवाळ्यातच पडलेले असते.

ते कसे, पहा. ऑक्टोबरात सोयाबीन निघते व शेत उघडे पडते. जमिनीत ओल शिल्लक असतेच. तिच्यावर गाजरगवतासारखी तणे वाढतात, फुलतात आणि बी टाकतात. पुण्यास १९५५ साली प्रथम आढळलेल्या या गवताचे एकच झाड हजारो बिया देते.

यावर अमेरिकेतील कित्येक शेतकऱ्यांनी एक युक्ती योजिली आहे. मका काढल्यावर ते राय नावाचे गव्हासारखे धान्य पेरतात. ते थंडीत टिकते. वसंत ऋतूत ते आडवे पाडून त्या थरातच सोयाबीन पेरतात. थराखाली उजेड पोहोचत नाही, म्हणून बारीक बियांचे तण फारसे उगवत नाही.

आपल्याकडे हिवाळा व पेरणी यांच्यामध्ये कडक उन्हाळा येतो. तेव्हा ही रीत जशीच्या तशी घेता येणार नाही. तत्त्व मात्र घेता येईल. सोयाबीन निघताच उरल्या ओलीवर हरभरा पेरावा. काढणीच्या वेळी तो उपटू नये, विळ्याने कापावा. म्हणजे मुळे जमिनीतच राहून उतारावरील माती धरतील. गुरांपुरते कुटार ठेवून उरलेला काडीकचरा शेतात पसरावा. तो जाळू नये. मोकाट गुरांचा उपद्रव असल्यास कडेने काटेरी करडई लावावी. लव्हाळा व हरळी मात्र या उपायाने हटत नाहीत. ती खणूनच काढावी लागतात. निंदणी अजिबात संपेल असे नाही. पण ती हलकी होईल.

हे पडताळून पाहणे तुमच्या हाती आहे. वडिलांस विचारून एक गुंठा हरभऱ्याखाली ठेवा व एक गुंठा तसाच सोडा. पुढील पावसाळ्यात दोन्हीकडे सोयाबीन पेरून, तिसऱ्या आठवड्यात हातभर लांबरुंद चौकोनातील तणे मोजा आणि आकडे वहीत लिहा.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात एका झाडलेल्या पण रिकाम्या घराची गोष्ट आहे. त्यातून निघालेला अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परत येतो. शेताचेही तसेच आहे. नुसते निंदून भागत नाही. तेथे काही चांगले वसवावे लागते. तसे झाल्यास येत्या आषाढात वर्गातील एखादे तरी बाक भरलेले दिसेल.